बुखाऱ्याचीं काळीं नाणीं आणि नर्शखीची साक्ष

१

मध्य आशियांतील बुखारा शहराचा जो जुना इतिहास आज उपलब्ध आहे, त्याचा कर्ता अबू बक्र मुहंमद बिन जाफर नर्शखी हा होय. त्यानें आपला ग्रंथ हिजरी ३३२ (इ. स. ९४३-४४) मध्यें अरबी भाषेंत लिहून सामानी अमीर नूह बिन नस्र यास अर्पण केला. तो मूळ अरबी ग्रंथ नष्ट झाला आहे. आपल्या हातीं आहे तें त्याचें फारसी रूपांतर. हिजरी ५२२ (११२८) मध्यें अबू नस्र अहमद कुबावी यानें तें केलें, आणि करतांना वाचकांस कंटाळवाणा वाटेल असा मजकूर गाळून कांहीं ठिकाणीं आपली भर घातली. पुढें हिजरी ५७४ (११७८-७९) मध्यें मुहंमद बिन जुफर यानें त्या भाषांतराचाहि संक्षेप केला. सन १८९२ मध्यें पॅरिस येथें शेफर यानें छापलेला, १९३९ मध्यें तेहरान येथें रझवी यांनीं सिद्ध केलेला आणि १९५४ मध्यें रिचर्ड फ्राय यांनीं इंग्रजींत उतरलेला ग्रंथ तो हाच. म्हणजे तीन हातांतून गेलेला.

हा वंशवृक्ष प्रारंभींच सांगण्याचें कारण असें कीं, बुखाऱ्याच्या नाण्यांविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक नर्शखीचें वाक्य प्रमाण धरून चालतात व नाण्यांस त्या वाक्याच्या चौकटींत बसवितात. बखरींतील मजकूर अस्सल कागदाशीं ताडून पाहिल्यावांचून घेऊं नये, हा दंडक आपल्याकडे आतां रूढ झाला आहे. नाणें हा तर धातूवर छापलेला अस्सल कागदच. सबब नर्शखीची साक्ष नाण्यापुढें उभी करून ती कोठें टिकते व कोठें ढळते, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२

ग्रंथांत नाण्यांसंबंधीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांतील हकीकत थोडक्यांत अशी. बुखाऱ्यांत रुप्याचें नाणें प्रथम पाडलें तें काना नांवाच्या बुखारखुदानें. (बुखारखुदा ही त्या शहराच्या राजांची पदवी.) त्यानें तीस वर्षें राज्य केलें. बुखाऱ्याचा व्यापार सुती कापड व गहूं यांवर चाले. इतर मुलखांत रुप्याचें नाणें पाडतात असें कळल्यावरून त्यानें शुद्ध रुप्याचे दिरहम पाडविले व त्यांवर आपली मुकुटधारी प्रतिमा घातली. हें खलीफा अबू बक्र याच्या वेळीं, म्हणजे ६३२ ते ६३४ च्या दरम्यान, घडलें.

पुढें हारून अल्-रशीद याच्या कारकीर्दींत, हिजरी १८५ च्या रमजानांत, घित्रीफ बिन अता हा खुरासानचा सुभेदार झाला. हा हारूनच्या आईचा भाऊ. तोपर्यंत बुखाऱ्याचें जुनें रुपें नाहींसें झालें होतें व ख्वारज्मचें नाणें बाजारांत शिरलें होतें; तें लोकांस पसंत नव्हतें. तेव्हां शहराच्या लोकांनीं घित्रीफकडे अर्ज केला कीं, आम्हांस असें नाणें पाडून द्यावें, जें आमच्या हातून व आमच्या शहरांतून कोणी घेऊन जाणार नाहीं. रुप्याची टंचाई होती. प्रतिष्ठितांचा विचार घेऊन सोनें, रुपें, तांबें, लोखंड इत्यादि सहा धातूंचें मिश्र नाणें जुन्याच ठशानें, परंतु घित्रीफच्या नांवानें, पाडण्याचें ठरलें. तीं नाणीं काळीं पडलीं. लोक घेईनात. मग सरकारनें तीं जबरीनें चालविलीं व सहा घित्रीफी म्हणजे एक शुद्ध रुप्याचा दिरहम असा भाव बांधून दिला.

येथवरच्या कथनांत आरंभ, तारीख, नांव आणि भाव अशीं चार विधानें आहेत. त्यांची पारख एकेक करूं. तत्पूर्वीं नाणें डोळ्यांपुढें असलें पाहिजे.

३

ससानी राजांचा दिरहम रुंद, पातळ व सुमारें ४ ग्रॅम वजनाचा असे. एका बाजूस राजाचें मुख व त्याचा स्वतःचा विशिष्ट मुकुट. दुसऱ्या बाजूस अग्निकुंड व दोहों अंगांस दोन रक्षक. प्रत्येक राजाचा मुकुट निराळा, त्यामुळें लेख झिजला तरी मुकुटावरून राजा ओळखतां येतो. बुखाऱ्याच्या नाण्यावर जो मुकुट आहे तो पांचव्या बहरामचा (४२०–४३८), फारसी काव्यांत बहराम गोर म्हणून गाजलेल्या राजाचा. त्याच्या नाण्यावर अग्निकुंडाच्या ज्वाळेंत एक मुख दाखविलेलें असे. तेंहि बुखाऱ्याच्या नाण्यावर उतरलें आहे. नमुना मर्व येथील टांकसाळीचा, हें आतां सामान्यतः मान्य झालें आहे, व तें साहजिकहि आहे. कारण आमू नदी ओलांडून बुखाऱ्याकडे जाणारी वाट मर्वहूनच निघते.

मुद्रा इराणी, परंतु लेख इराणच्या दरबारी पहलवी लिपींत नाहीं. मुखासमोर सोग्दी लिपीच्या बुखारी वळणांत तीन शब्द आहेत. पहिला शहराचें नांव, दुसरा ‘खुव’ म्हणजे राजा किंवा स्वामी. तिसऱ्याविषयीं वाद आहे, तो पुढें येईल. कालांतरानें ठसे उतरत उतरत रक्षकांच्या काठ्या झाल्या व कुंडाच्या नुसत्या रेघा राहिल्या. तरी सांचा बदलला नाहीं. शेवटीं याच नाण्यावर, मुकुटासमोर, कूफी अक्षरांत अरबी नांव येतें. त्यांपैकीं विपुल सांपडतें तें ‘अल्-महदी’. म्हणजे हारूनचा बाप, जो ७७५ ते ७८५ पर्यंत खलीफा होता. इराणचा मुकुट, सोग्दियाची लिपि, अग्निपूजकांचें कुंड व मुसलमानांच्या खलीफाचें नांव, हीं चारहि एका लहानशा चकतीवर नांदत आहेत.

४

आतां पहिलें विधान. काना राजानें अबू बक्रच्या वेळीं प्रथम नाणें पाडलें व त्यावर आपली प्रतिमा घातली, असें नर्शखी म्हणतो. प्रतिमा कानाची नाहीं, बहरामची आहे; एवढें तर मुकुटच सांगतो. नमुना दोनशें वर्षें जुना असल्यामुळें नाणेंहि तितकेंच जुनें असलें पाहिजे, असें मात्र मीं म्हणत नाहीं. जुना ठसा उशिरा उचलला जाऊं शकतो. पण ज्या लेखकास प्रतिमा कोणाची हें ठाऊक नाहीं, त्याची राजाच्या नांवाविषयींची माहिती तरी कोठून आली, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचें उत्तर नाण्यावरील तिसऱ्या शब्दांत असावें. त्या शब्दाचें मधलें अक्षर नकार कीं वकार, यावर वाचन अवलंबून आहे. जुन्या अभ्यासकांपैकीं कांहींनीं ‘काना’ वाचलें व नर्शखीचा राजा सांपडला म्हणून समाधान मानलें. पण ‘कावा’ हें वाचन अधिक ग्राह्य ठरलें आहे, व तें व्यक्तिनाम नसून वीर किंवा राजा या अर्थाची पदवी होय. अवेस्तांतील कवि-पदवीचे राजे, फारसींतील ‘कै’ हें उपपद व आपला वैदिक ‘कवि’ शब्द हे सर्व एकाच कुळांतले. हें वाचन स्वीकारलें म्हणजे लेखाचा अर्थ ‘बुखाऱ्याचा राजा, कावा’ एवढाच उरतो, व काना नांवाचा राजा नाण्यावरून नाहींसा होतो.

तर मग तो इतिहासांत कसा आला? मला दिसणारी उपपत्ति अशी. दहाव्या शतकांत हीं नाणीं बाजारांत चालत होतीं, परंतु त्यांवरील जुनें अक्षर वाचणारे विरळ झाले होते. कोणी जाणत्यानें शेवटचा शब्द चुकीनें ‘काना’ असा लावला, त्यावरून राजा निर्माण झाला व राजाबरोबर तीस वर्षांची कारकीर्दहि आली. हें खरें असेल तर नर्शखीच्या वाक्यानें नाण्याचें वाचन सिद्ध करणें म्हणजे प्रतिबिंबावरून मूळ मुखाची ओळख पटविणें होय. नर्शखीचें वाक्य नाण्यावरूनच निघालें आहे. तें नाण्याचा स्वतंत्र साक्षीदार होऊं शकत नाहीं.

५

दुसरें विधान तारखेचें. हिजरी १८५ च्या रमजानांत (इ. स. ८०१) घित्रीफ सुभेदार झाला, असें पाठांत आहे. पण त्या सालीं खुरासानवर अली बिन ईसा बिन माहान होता. त्याची सुभेदारी १८० ते १९१ अशी सलग आहे. घित्रीफची कारकीर्द १७५ ते १७७ (७९१–७९३) या सुमारास पडते. बार्टोल्ड यांनीं आपल्या तुर्कस्तानविषयक ग्रंथांत हीच वर्षें दिलीं आहेत. तेव्हां पाठांत दहा वर्षांचा फरक आहे, हें निश्चित.

हा दोष कोणाचा? माझ्या मतें नर्शखीचा नव्हे. आपल्या शुहूर सनाच्या कागदांतून सबैन व समानीन हे शब्द वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. अरबींतील सत्तर व ऐंशी हे ते होत. ते लिहिण्यांत एकमेकांसारखे दिसत नाहींत. परंतु फारसींत सत्तर म्हणजे हफ्ताद व ऐंशी म्हणजे हश्ताद. एका अक्षराचा फरक, तोहि घाईच्या लेखणींत सहज लोपणारा. अर्थात् चूक फारसी अवताराच्या काळांत, कुबावीच्या, जुफरच्या किंवा त्यानंतरच्या एखाद्या नकलनविसाच्या हातून झाली असणें संभवनीय आहे. मूळ अरबी प्रत हातीं येईपर्यंत हा तर्कच राहील. पण ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती असतील, त्यांनीं हें स्थळ अवश्य ताडून पाहावें.

तिसरें विधान नांवाचें. नवें नाणें घित्रीफच्या नांवानें पाडलें, असें नर्शखी म्हणतो. विपुल सांपडणाऱ्या नाण्यांवर नांव आहे तें महदीचें, आणि महदी घित्रीफच्या पूर्वींच वारला होता. म्हणजे जुन्या ठशांत अरबी नांव घालण्याची चाल घित्रीफनें सुरू केली नाहीं. शिवाय सोग्दियांत घित्रीफीबरोबर मुसय्यबी व मुहंमदी अशीं आणखी दोन हिणकस चलनें होतीं, असें अरब भूगोलकार सांगतात. त्यांपैकीं मुसय्यबी हें नांव ज्याच्यावरून पडलें तो मुसय्यब बिन जुहैर महदीच्या अमलांत, हिजरी १६३ ते १६६ मध्यें, खुरासानचा सुभेदार होता. तेव्हां घित्रीफ हा या प्रथेचा जनक नव्हे. आधींपासून चालत आलेल्या प्रथेंत तो एक दुवा होय. बाजारांतील नांवें टांकसाळीच्या लेखावरून पडतातच असें नाहीं. आपल्या सराफांनीं अंकुशी रुपया म्हटलें तें त्यावरील खुणेवरून. लेख वाचूं गेल्यास बादशहाचें नांव निघतें. घित्रीफी या नांवावरून नर्शखीनें नाण्यावर घित्रीफचें नांव कल्पिलें असावें. म्हणून संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते: महदीच्या नांवाच्या नाण्यावर ‘घित्रीफी’ अशी चिठ्ठी डकवूं नये.

६

येथें एक शंका येणें साहजिक आहे. इस्लामी सत्तेनें ही मूर्तियुक्त मुद्रा चालूं कशी दिली? ६५१ मध्यें तिसरा यज्दगर्द मर्वजवळ मारला गेल्यावर अरब सुभेदारांनीं दुसऱ्या खुस्रूच्या मुद्रेचेंच नाणें चालू ठेविलें. कडेस कूफी अक्षरांत ‘बिस्मिल्लाह’ व मुखापुढें पहलवींत सुभेदाराचें नांव, एवढाच फेर केला. झियाद व त्याचा मुलगा उबैदुल्ला यांचीं अशीं नाणीं प्रसिद्ध आहेत. पुढें खलीफा अब्दुल मलिक यानें हिजरी ७७ मध्यें सोन्याचा व ७९ मध्यें (६९८-९९) रुप्याचा नवा सांचा काढला, त्यांत मूर्ति नाहीं, केवळ अक्षर आहे. त्यानंतरहि ताबरिस्तानांत व बुखाऱ्यांत मुकुट व कुंड टिकलें. महदीच्या नांवानें बगदादेस केवळ अक्षरांचे दिरहम पडत होते, आणि त्याच्याच नांवाखालीं बुखाऱ्यांत अग्निकुंड छापलें जात होतें.

यास धर्मशैथिल्य म्हणणें किंवा कारागिरांचें अज्ञान म्हणणें, दोन्ही उथळ होय. कुतैबा बिन मुस्लिम यानें ७०९ मध्यें बुखारा सर केला, तरी गादीवर तुघशादा हा बुखारखुदाच बसविला. आणि तुघशादानें आपल्या मुलाचें नांव कुतैबा ठेविलें. सत्ता नवी व घराणें जुनें, अशी ती जोडणी होती. नाणें तिचेंच चित्र आहे. त्याहून मोठें कारण बाजार. ज्या रुप्याची पारख लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या एका ठशावरून केली, तो ठसा मोडणें म्हणजे विश्वास मोडणें. मराठ्यांच्या टांकसाळींतून शाह आलमच्या नांवाचे रुपये पडत होते, आणि कंपनीनेंहि मुर्शिदाबादी रुपयावर जुलूस सन १९ गोठवून तो वर्षानुवर्षें चालविला, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस बुखाऱ्याचें नवल वाटूं नये.

७

राहिलें चौथें विधान, भावाचें. येथें मात्र नर्शखीची साक्ष एकदम बळकट होते. तो म्हणतो कीं, पूर्वीं बुखाऱ्याचा कर दोन लक्ष दिरहमांहून किंचित् कमी होता. सहास एक या भावानें घित्रीफींत आकारल्यावर तो ११ लक्ष ६८ हजारांवर गेला. सहानें भागून पाहावें: सुमारें १ लक्ष ९५ हजार येतात, म्हणजे बरोबर ‘दोन लक्षांहून किंचित् कमी’. दुसरीकडे इब्न खुर्दाजबिह यानें अब्दुल्ला बिन ताहिरच्या अमदानींतील जमाबंदी दिली आहे, तींत बुखाऱ्याचा आकडा ११ लक्ष ८९ हजार २०० घित्रीफी दिरहम असा आहे. दोन निरनिराळ्या साक्षी इतक्या जवळ येतात, तेव्हां त्यांच्यामागें दफ्तर आहे हें उघड होय. राजाची गोष्ट ऐकीव असेल. हा आकडा ऐकीव नाहीं.

पुढची हकीकत ग्रंथांतील सर्वांत गंभीर आहे. घित्रीफीचा भाव सहास एक राहिला नाहीं; तो चढत गेला. हिजरी २२० (८३५) मध्यें १०० शुद्ध दिरहमांस ८५ घित्रीफी पडत, आणि कुबावी आपल्या वेळचा, ५२२ चा, भाव १०० स ७० असा देतो. म्हणजे हिणकस काळें नाणें पांढऱ्या रुप्याहून महाग झालें. इस्तख्री व इब्न हौकल सांगतात कीं हें नाणें बुखाऱ्याच्या मुलखाबाहेर चालत नसे. बाहेर न जाणारें, नव्यानें फारसें न पडणारें, आणि सरकारदेणें ज्यांत भरावें लागे असें नाणें दुर्मिळ होऊन चढणें क्रमप्राप्तच होतें. परंतु कराचा आकडा घित्रीफींत कायम झाला होता, तो उतरला नाहीं. ८५ च्या भावानें ११ लक्ष ६८ हजारांचे शुद्ध दिरहम पावणेचौदा लक्षांच्या घरांत जातात. म्हणजे मूळच्या सातपट. शब्दानें कर वाढविला नाहीं, फर्मान निघालें नाहीं. पण रयतेनें एकाच्या जागीं सात दिले. एका नाण्यांत आकारणी व दुसऱ्यांत वसूल, यांमधील बट्ट्यांत कुणबी कसा भरडला जातो, हें आपल्याकडील जमाखर्चाचे कागद चाळणारास सांगावयास नको.

आतां मागें वळून त्या अर्जाकडे पाहावें. ‘शहराच्या लोकांनीं’ असें नाणें मागितलें, आणि मग ‘लोक’ तें घेईनात, ही विसंगति नर्शखीस जाणवलेली दिसत नाहीं. मागणारे व नाकारणारे एकच नव्हेत, असें धरल्यासच तिचा उलगडा होतो. सल्ला घेतला तो प्रतिष्ठितांचा. जबरी झाली ती इतरांवर. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. नर्शखी सामानी अमीरासाठीं लिहीत होता, व त्या अमीराच्याहि मुलखांत तेंच काळें नाणें चालत होतें. दीडशें वर्षांपूर्वींच्या परक्या सुभेदाराच्या माथीं सर्व प्रकरण मारणें त्यास सोयीचें होतें. घित्रीफ निर्दोष होता असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या आधींचा मुसय्यब व त्याच्यानंतरचे वसूल करणारे या चित्रांतून गळले आहेत, एवढाच.

८

या नाण्याचा आपल्या देशाशीं खरा संबंध आहे तो गोत्राचा. ससानी दिरहम हूणांबरोबर हिंदुस्थानांत आला; पश्चिम हिंदुस्थानांत त्याच्या नकलांच्या नकला होत होत मुख व अग्निकुंड यांचे नुसते ठिपके व रेघा उरल्या, आणि तीं नाणीं गधैया म्हणून ओळखलीं जाऊं लागलीं. उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं छित्तराजानें त्याच घाटाच्या नाण्यावर नागरी अक्षरांत आपलें नांव घातलें. शिलालेखांतील द्रम्म, बाजारांतील दाम व बुखाऱ्याचा दिरहम हे शब्दहि एकाच ग्रीक मुळाचे. बुखाऱ्यांत सांचा दीर्घकाळ ओळखूं येण्याजोगा राहिला व आपल्याकडे तो पार विरघळला. तरी जुनी मुद्रा राखून तीवर नवें नांव घालणें ही रीत दोन्हीकडे सारखीच.

सारांश, नर्शखीच्या साक्षीचे दोन भाग करावे लागतात. आरंभ, राजा, प्रतिमा व नांव यांविषयीं तो बोलतो तेथें नाणें त्याच्याहून जुनें व विश्वसनीय आहे. तेथें ग्रंथास नाण्यापुढें नमतें घ्यावें लागेल. पण भाव, कर व वसूल यांविषयीं नाणें मुकें आहे. काळें पडलेलें रुपें हातांत घेऊन कितीहि निरखलें तरी तें कोणाच्या घरून, कितीच्या बदल्यांत, कोणत्या धाकानें आलें, हें त्यावरून कळत नाहीं. तें नर्शखीनें नोंदून ठेविलें. आणि एवढ्यासाठीं, त्याचा काना राजा गेला व रमजान १८५ ही तारीख गेली, तरी ग्रंथाचें हें प्रकरण टिकून राहील. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, अशीं काळीं नाणीं हीन समजून वितळवूं नयेत व उजळ करण्यासाठीं घासूंहि नयेत. त्यांचा हिणकसपणा हाच त्यांचा पुरावा आहे.